सायडर : एका पेयाची आणि त्याच्या परंपरेची घडण

१. विषयप्रवेश

सफरचंदाचा रस आंबवून जे पेय तयार होते त्यास इंग्रजीत सायडर, फ्रेंचमध्ये सीद्र आणि स्पॅनिशमध्ये सिद्रा असे म्हणतात. हे पेय ऊर्ध्वपातित नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे भेद सांगितले आहेत. त्या परिभाषेत सायडरची गणना स्थूलमानाने आसवात करावी लागेल. मराठीस या पेयाचा पूर्वपरिचय नसल्यामुळे त्याचे नाव इंग्रजीतून जसेच्या तसे आले आहे.

इंग्लंडमध्ये गेल्या चार-पाच दशकांत, आणि विशेषतः इ. स. २००० नंतर, लहान उत्पादकांनी जुन्या पद्धतीने केलेल्या सायडरला वाढती मागणी येऊ लागली. फ्रान्स, स्पेन आणि अमेरिका या देशांतही या ना त्या स्वरूपात हीच प्रवृत्ती आढळते. अशा सायडरला 'पारंपरिक' किंवा 'क्राफ्ट' अशी विशेषणे लावण्यात येतात. या लोकप्रियतेची नेहमीची उपपत्ती अशी, की कारखानी मालाला विटलेला ग्राहक जुन्याकडे परतला. ही उपपत्ती सर्वस्वी चुकीची नाही. पण ती अपुरी आहे. 'जुने' म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न ती विचारीत नाही. इंग्लंडमधील सायडरला एक नव्हे, निदान तीन भूतकाळ आहेत : सतराव्या शतकातील विद्वान जमीनदारांचा, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील शेतमजुरांचा आणि विसाव्या शतकातील कारखान्याचा. आजच्या परंपरावादी उत्पादकाने यांपैकी कोणता भूतकाळ स्वीकारला आणि कोणता दृष्टीआड केला, हे पाहिल्याशिवाय त्या लोकप्रियतेचा अर्थ लागत नाही. प्रस्तुत निबंधात मुख्यतः इंग्लंडच्या पश्चिम भागाचा आधार घेऊन, आणि 'सायडर' या शब्दाच्या अर्थांतराचा माग ठेवून, या प्रश्नाचा विचार केला आहे.

२. शब्दाचा प्रवास

या शब्दाचे मूळ सफरचंदाच्या बागेत नाही. ते सेमिटिक भाषांत आहे. अक्कडी भाषेत 'शिकारु' हा शब्द बीरसारख्या धान्यजन्य पेयासाठी योजीत असत. त्याच धातूपासून हिब्रू 'शेखार' हा शब्द निघाला. द्राक्षमद्याहून वेगळे असे कोणतेही मादक पेय, हा त्याचा अर्थ. बायबलच्या ग्रीक रूपात त्याचे 'सिकेरा' झाले, आणि जेरोमच्या लॅटिन भाषांतरात 'सिसेरा'. जेरोमने या शब्दाचा खुलासाही करून ठेवला आहे. धान्य, सफरचंदाचा रस, मध, खजूर यांपैकी कशापासूनही झालेले मादक पेय म्हणजे सिसेरा, असा त्याचा आशय आहे. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिदोरने आपल्या व्युत्पत्तिकोशात जवळजवळ हीच व्याख्या पुढे चालविली. सफरचंद या व्याख्येत आहे खरे. पण ते अनेकांपैकी एक म्हणून.

येथे एका सुलभ भ्रमाचे निरसन करणे अवश्य आहे. 'शेखार' आणि संस्कृत 'शर्करा' यांतील ध्वनिसाम्य केवळ आकस्मिक होय. शर्करा हा शब्द फारसी व अरबी यांच्या द्वारे युरोपात जाऊन 'शुगर' झाला. शेखार हा ग्रीक-लॅटिनच्या द्वारे जाऊन 'सायडर' झाला. या दोन शब्दांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. मात्र त्यांनी निर्दिष्ट केलेल्या दोन वस्तूंची सतराव्या शतकात एका बाटलीत गाठ पडली. तो वृत्तान्त पुढे येईल.

शार्लमेनच्या काळी, म्हणजे आठव्या-नवव्या शतकांच्या संधीवर, राजकीय मळ्यांच्या व्यवस्थेविषयी जी आज्ञापत्रिका निघाली, तिच्यात प्रत्येक कारभाऱ्याने आपल्याजवळ इतर कारागिरांबरोबर 'सिसेरातोर' बाळगावेत असे सांगितले आहे. सिसेरातोर म्हणजे कोण, हेही तेथेच स्पष्ट केले आहे : यवमद्य, सफरचंदाचे पेय, नासपतीचे पेय किंवा दुसरे कोणतेही पेय करू जाणणारे लोक. या उल्लेखात सफरचंदाच्या पेयास 'पोमातिउम' हे वेगळे नाव आहे, आणि 'सिसेरा'शी संबद्ध शब्द सर्वच पेयांना व्यापून उरतो. म्हणजे इ. स. ८०० च्या सुमारासही अर्थसंकोच पूर्ण झालेला नव्हता. तो उत्तर फ्रान्समध्ये, विशेषतः नॉर्मंडीत झाला. तेथे द्राक्ष नीट पिकत नाही आणि सफरचंद मुबलक पिकते. अर्थात 'द्राक्षमद्याहून वेगळे पेय' म्हणजे व्यवहारात सफरचंदाचेच पेय ठरले. शब्दाचा अर्थ भूगोलाने आखडला, असे म्हणता येईल.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर हा शब्द इंग्रजीत आला. तत्पूर्वीच्या इंग्रजीत 'एपल्-वीन', म्हणजे सफरचंदाची वाइन, असा देशी समास होता. तो लोपला. जर्मन भाषेत तसा समास आजही वापरात आहे, आणि बास्क भाषेतील 'सागार्दो' हा शब्दही 'सागार' म्हणजे सफरचंद व 'आर्दो' म्हणजे वाइन यांच्या संयोगाने बनला आहे. इंग्रजीत मात्र परका शब्द स्थिरावला, आणि तोही प्रारंभी दुहेरी अर्थाने. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी केलेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात लॅटिन 'सिसेरा'साठी 'सिदिर' हाच शब्द योजिला आहे. त्या भाषांतराची पंधराव्या शतकातील एक हस्तलिखित प्रत हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये असून ती याच शब्दावरून 'सायडर बायबल' म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु १५२६ मध्ये टिंडेलने आणि १६११ मध्ये राजाज्ञेने सिद्ध झालेल्या भाषांतराने त्या जागी 'कडक पेय' या अर्थाची शब्दयोजना केली. कारण उघड आहे. तोवर सायडर म्हणजे सफरचंदाचेच पेय हा अर्थ रूढ झाला होता, आणि पॅलेस्टाइनच्या संदर्भात तो शब्द विसंगत वाटू लागला होता.

हा शब्द अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेल्यावर त्याचा अर्थ पुन्हा पालटला. एकोणिसाव्या शतकातील मद्यपानविरोधी चळवळ आणि १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदी यांच्या परिणामी तेथे 'सायडर' म्हणजे न आंबवलेला गढूळ रस असा अर्थ रूढ झाला, आणि मादक पेयासाठी 'हार्ड' हे विशेषण जोडणे भाग पडले. ज्या शब्दाचा मूळ अर्थच 'मादक' असा, तोच एका खंडात निर्मद्य झाला. समाजाचा नैतिक कल शब्दाच्या अर्थात कसा उतरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण विरळा.

३. फळ आणि कृती

सायडरचा इतिहास समजण्यास सफरचंदाच्या दोन गुणधर्मांची माहिती आवश्यक आहे. पहिला असा, की बी पेरून उगवलेले झाड मूळ झाडासारखी फळे देत नाही. इष्ट जात टिकवायची तर कलम करावे लागते. त्यामुळे प्रत्येक नामांकित जात ही कोणीतरी निवडलेल्या एकाच झाडाची पिढ्यान्‌पिढ्या चालविलेली प्रत असते. लागवडीतील सफरचंदाचा मुख्य पूर्वज मध्य आशियातील तिएन शान पर्वताच्या परिसरातील रानटी सफरचंद होय, आणि पश्चिमेकडील प्रवासात युरोपातील रानटी सफरचंदाचाही त्याच्याशी मोठा संकर झाला, असे एकविसाव्या शतकातील आनुवंशिक संशोधनाने दाखविले आहे.

दुसरा गुणधर्म असा, की खाण्याचे उत्तम फळ सायडरसाठी उत्तम असतेच असे नाही. सायडरला तुरटपणा लागतो. फॉक्सव्हेल्प, किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल इत्यादी जाती केवळ सायडरसाठीच राखलेल्या आहेत. त्यांतील पुष्कळांची फळे तोंडात धरवत नाहीत. त्यामुळे सायडरची मागणी बसली की या झाडांना दुसरा आश्रय उरत नाही. या पेयाचे भवितव्य आणि त्या बागांचे भवितव्य एकमेकांस बांधलेले आहे ते या कारणाने.

जुनी कृती थोडक्यात अशी. शरद ऋतूत खाली पडलेली फळे गोळा करून काही दिवस ढीग घालून पिकू द्यावयाची. नंतर घोड्याने फिरविलेल्या वर्तुळाकार दगडी घाणीत ती चिरडावयाची. तो लगदा घोड्याच्या केसांच्या कापडात किंवा गव्हाच्या पेंढ्यात गुंडाळून थरावर थर रचावयाचा आणि स्क्रूच्या दाबयंत्राखाली पिळावयाचा. रस लाकडी पिंपांत भरला की बाहेरून किण्व घालण्याची गरज नसे; फळांवर आणि अवजारांवर जे सूक्ष्मजीव असत तेच थंडीच्या दिवसांत सावकाश काम करीत, आणि वसंतात पेय तयार होई. उरलेल्या चोथ्यात पाणी घालून तो पुन्हा पिळला म्हणजे 'सायडरकिन' नावाचे पातळ पेय निघे. एकाच बागेतून मालकाचे पेय आणि चाकराचे पेय अशी दोन पेये निघत, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

४. पहिला भूतकाळ : विद्वान जमीनदारांचे सायडर

सतराव्या शतकात हेरफर्डशरमध्ये सायडरला जी प्रतिष्ठा लाभली ती त्यापूर्वी कधी लाभली नव्हती. होम लेसी येथील पहिला व्हायकाउंट स्कुडामोर हा १६३५ ते १६३९ या काळात फ्रान्सच्या दरबारी इंग्लंडचा वकील होता. 'रेडस्ट्रीक' या सफरचंदाच्या प्रसाराचे श्रेय परंपरेने त्याला देण्यात येते. त्या घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा उंच, निमुळता, कोरीव काचेचा पेला आजही जतन केलेला आहे. सायडर त्या काळी द्राक्षमद्याच्या तोलाने मिरविले जाई, याची तो पेला साक्ष देतो.

या प्रतिष्ठेमागे ज्ञानव्यवहारही होता. राल्फ ऑस्टेनचा फळझाडांवरील ग्रंथ १६५३ मध्ये निघाला. जॉन बीलने १६५७ मध्ये हेरफर्डशरच्या बागा साऱ्या इंग्लंडला आदर्श म्हणून पुढे मांडल्या. १६६० मध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीने या विषयात लक्ष घातले, आणि जॉन इव्हलिनच्या 'सिल्व्हा' या १६६४ च्या ग्रंथास 'पोमोना' नावाची जी पुरवणी जोडली गेली ती मुख्यतः सायडरविषयीच होती. तिच्यात बील, सर पॉल नील इत्यादींची टिपणे आहेत. १६७६ मध्ये जॉन वर्लिजचा 'व्हिनेटम ब्रिटानिकम' प्रसिद्ध झाला. ब्रिटनची द्राक्षबाग म्हणजे सफरचंदाची बाग, हा अभिप्राय त्याच्या शीर्षकातच आहे.

याच मंडळींच्या हाती एक नवे साधन आले होते. जहाजबांधणीसाठी लाकूड राखून ठेवावे म्हणून १६१५ मध्ये राजाज्ञेने काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई झाली. तेव्हा दगडी कोळसा वापरात आला, भट्ट्यांचे तापमान वाढले आणि पूर्वीपेक्षा जाड व मजबूत बाटल्या होऊ लागल्या. अशा बाटलीत अल्पशी साखर घालून बूच घट्ट बांधले म्हणजे आत पुन्हा किण्वन होते आणि फसफसणारे पेय मिळते. नीलच्या टिपणात बाटलीत थोडी साखर घालण्याची कृती आली आहे. क्रिस्टोफर मेरेटने १६६२ मध्ये वाइनच्या संदर्भात साखरेच्या अशाच उपयोगाचा उल्लेख केला होता. दोम पेरिन्यों हा ओव्हिलेच्या मठात आला तो १६६८ मध्ये. यावरून शॅम्पेनचा शोध हेरफर्डशरमध्ये लागला असे विधान करणे अतिशयोक्तीचे होईल. पण बाटलीत फसफस उत्पन्न करण्याची जाणीवपूर्वक कृती इंग्लिश सायडरच्या संदर्भात तोवर लिहिली गेली होती, इतके निश्चित म्हणता येते.

या सायडरचा उत्कर्ष फार काळ टिकला नाही. फ्रान्सशी वैर असताना फ्रेंच वाइनला पर्याय म्हणून त्याला राष्ट्रीय महत्त्व होते. १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनला जकातीत सवलत मिळाली, आणि श्रीमंतांच्या मेजावर हळूहळू पोर्टने जागा घेतली. १७०८ मध्ये जॉन फिलिप्सने व्हर्जिलच्या कृषिकाव्याच्या धर्तीवर 'सायडर' हे दोन सर्गांचे काव्य लिहिले तेव्हा, ज्या वैभवाचे तो वर्णन करीत होता ते ओसरू लागले होते.

५. दुसरा भूतकाळ : कर, विष आणि मजुरी

अठराव्या शतकात सायडर हे प्रामुख्याने ग्रामीण पेय झाले. त्याच्या सामाजिक महत्त्वाचा पुरावा एका करामुळे मिळतो. सप्तवार्षिक युद्धाने रिकामी झालेली तिजोरी भरून काढण्यासाठी १७६३ मध्ये ब्यूटच्या मंत्रिमंडळाने सायडरवर दर हॉग्जहेड पिंपास चार शिलिंग असा कर बसविला. अर्थमंत्री सर फ्रान्सिस डॅशवुड हा होता. आक्षेप रकमेवर होता त्याहून अधिक वसुलीच्या पद्धतीवर होता. कर उत्पादकाकडून घ्यावयाचा होता. उत्पादक म्हणजे प्रत्येक शेतकरी. अर्थात अबकारी अधिकाऱ्यास शेतकऱ्याच्या घरात शिरण्याचा अधिकार प्राप्त होत होता. सायडर पिकविणाऱ्या परगण्यांत दंगे झाले, पार्लमेंटात पिटने कडाडून विरोध केला आणि १७६६ मध्ये तो कर रद्द झाला. घराच्या उंबरठ्यावर राज्यसत्ता थांबली पाहिजे, हा वाद त्या काळी ज्या निमित्तांनी लढला गेला, त्यांत सायडरच्या पिंपाचे स्थान मोठे आहे.

या भूतकाळाची दुसरी बाजू काळी आहे. डेव्हनमध्ये पोटातील असह्य कळा आणि हातापायांचा पक्षाघात ही लक्षणे असलेला एक रोग दीर्घकाळ आढळत असे. १७६७ मध्ये सर जॉर्ज बेकरने दाखवून दिले की हा रोग शिशाच्या विषाने होतो, आणि ते शिसे सायडरच्या घाणीत, दाबयंत्रात व नळांत वापरलेल्या धातूतून येते. आंबट रसात शिसे विरघळते, हे त्याचे कारण. या निष्कर्षास बागाइतदारांनी प्रथम विरोध केला. पण शिसे काढून टाकल्यावर रोगही ओसरत गेला. 'पारंपरिक' म्हणजे आपोआपच शुद्ध, या समजुतीस हे प्रकरण पुरेसे उत्तर आहे.

तिसरी बाजू मजुरीची. पश्चिम इंग्लंडात शेतमजुराच्या मजुरीचा एक भाग सायडरच्या रूपाने देण्याची प्रथा होती. मजूर कामावर जाताना लहानसे लाकडी बुधले आणि शिंगाचा पेला बरोबर नेई. रोज काही पाइंट, आणि सुगीच्या दिवसांत त्याहून अधिक, असे त्याचे मान असे. मालकाला ही व्यवस्था सोयीची होती, कारण घरच्या बागेतील पेय बाजारात नेण्यापेक्षा ते मजुरीत वळते करणे स्वस्त पडे. मजुराच्या कुटुंबाला मात्र त्याचा उपयोग नव्हता. पेयातून भाकरी विकत घेता येत नाही. शिवाय दिले जाणारे सायडर मालकाच्या मेजावरचे नसे. ते बहुधा पातळ, आंबट आणि निकृष्ट असे. १८८७ च्या कायद्याने शेतमजुरास मादक पेय मजुरीदाखल देण्यास मनाई केली. तथापि प्रथा कायद्याच्या तारखेस संपली नाही. कित्येक ठिकाणी 'मजुरीखेरीज' म्हणून ती पुढेही चालू राहिली.

हाच काळ सायडरच्या लोकाचारांचाही आहे. सॉमरसेटमधील कारहॅम्प्टन येथे १७ जानेवारीस, म्हणजे जुन्या पंचांगाच्या बाराव्या रात्री, बागेतील झाडापुढे गाणी म्हणून, त्याच्या मुळांशी सायडर ओतून आणि बंदुकांचे बार काढून चांगल्या पिकाची प्रार्थना करतात. या विधीस 'वासेल' म्हणतात. 'सुखी राहा' या अर्थाच्या जुन्या अभिवादनातून हा शब्द आला आहे. 'स्क्रम्पी' हा शब्दही याच ग्रामीण स्तरातील. सुकलेल्या लहान सफरचंदास बोलीत 'स्क्रम्प' म्हणत. त्यावरून ओबडधोबड, तीव्र सायडरला हे नाव पडले. ज्या शब्दात मूळचा तुच्छताभाव होता, तोच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाटलीवरील आकर्षक नाव झाला.

६. तिसरा भूतकाळ : प्रयोगशाळा आणि कारखाना

जुन्या जाती क्षीण होत आहेत ही तक्रार अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ऐकू येते. टॉमस अँड्र्यू नाइटने १७९७ च्या आपल्या ग्रंथात अशी उपपत्ती मांडली की कलम हे मूळ झाडाच्या वयाबरोबरच म्हातारे होते. ती उपपत्ती चुकीची ठरली. पण तिच्यामुळेच तो हेतुपूर्वक संकर करून नव्या जाती निर्माण करण्याकडे वळला. हेरफर्डशरच्या वूलहोप निसर्ग-अभ्यासक मंडळाने १८७६ ते १८८५ या काळात 'हेरफर्डशर पोमोना' हा रंगीत चित्रांचा ग्रंथ खंडशः प्रसिद्ध करून जुन्या जातींची नोंद केली. आजच्या पुनरुज्जीवनवाद्यांना जातींची ओळख पटविण्यासाठी हा ग्रंथ उपयोगी पडतो.

१८८७ मध्ये, म्हणजे मजुरीविषयक कायदा झाला त्याच वर्षी, हेरफर्ड येथे पर्सी बुलमर या एका धर्मोपदेशकाच्या मुलाने आपला सायडरचा व्यवसाय सुरू केला. या दोन घटना एकाच वर्षी घडल्या हा योगायोग. पण तो अर्थपूर्ण आहे. सायडर मजुरीतून बाहेर पडत होते आणि बाजारात शिरत होते. १८९३ पासून सॉमरसेटमधील बटली येथे रॉबर्ट नेव्हिल-ग्रेनव्हिलच्या प्रोत्साहनाने शास्त्रीय प्रयोग सुरू झाले, आणि त्यांतून १९०३ मध्ये ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टन येथे राष्ट्रीय फळ व सायडर संस्था स्थापन झाली. तेथील बार्करने केलेले वर्गीकरण आजही मानले जाते. रसात टॅनिन ०.२ टक्क्यांहून अधिक आहे की कमी, आणि आम्लता ०.४५ टक्क्यांहून अधिक आहे की कमी, या दोन कसोट्यांनी सायडरच्या सफरचंदाचे गोड, कडू-गोड, आंबट आणि कडू-आंबट असे चार वर्ग पडतात. या वर्गीकरणाचा आधार आजचे परंपरावादी उत्पादकही घेतात. म्हणजे त्यांच्या परंपरेचे व्याकरण प्रयोगशाळेत लिहिले गेले आहे. ही संस्था २००३ मध्ये बंद झाली.

कारखान्याने शुद्ध किण्व, गाळणी, कृत्रिम वायू आणि पुढे संहत रस यांचा अवलंब केला. त्यामुळे पेय सदासर्वकाळ एकसारखे आणि स्वस्त मिळू लागले. बागांचेही रूप पालटले. उंच झाडांखाली गुरे-मेंढ्या चरत अशा जुन्या बागांऐवजी कंपन्यांशी करार करून ठेंगण्या झाडांच्या दाट बागा लावल्या जाऊ लागल्या. जुन्या बागांची हानी मोठी झाली. इंग्लंड आणि वेल्समधील पारंपरिक बागांपैकी सुमारे ८१ टक्के १९०० नंतर नष्ट झाल्या, असा नॅशनल ट्रस्टने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला. अशा बागांत जुन्या खोडांच्या आश्रयाने अनेक कीटक, पक्षी व बुरश्या जगतात. म्हणून ब्रिटनच्या जैवविविधता-योजनेत २००७ मध्ये त्यांचा अग्रक्रमाने रक्षावयाच्या अधिवासांत समावेश करण्यात आला.

७. पुनरुज्जीवन

पारंपरिक सायडरची आजची लोकप्रियता एका कारणाने आलेली नाही. पहिले कारण कराचे आहे. दीर्घकाळ करमुक्त राहिलेल्या सायडरवर १९७६ मध्ये पुन्हा कर बसला. परंतु वर्षाला ७० हेक्टोलिटरपर्यंत उत्पादन करणाऱ्यास सूट ठेवण्यात आली. ही सूट नसती तर शेतघरातील लहान उत्पादक टिकले असते की नाही, याची शंका आहे. १७६३ मध्ये ज्या कराने शेतकऱ्यास बंडास प्रवृत्त केले, त्याच्याच दोनशे तेरा वर्षांनंतरच्या अवताराने, सवलतीच्या रूपाने का होईना, शेतकऱ्याच्या पिंपास अभय दिले.

दुसरे कारण संघटित चळवळीचे. जुन्या पद्धतीच्या एलच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये निघालेल्या 'कामरा' या संघटनेने १९८८ मध्ये सायडर व पेरी यांसाठी स्वतंत्र उपसमिती नेमली. १९९० मध्ये 'कॉमन ग्राउंड' या संस्थेने २१ ऑक्टोबर हा दिवस सफरचंद-दिन म्हणून सुरू केला. १९९६ मध्ये हेरफर्डशर, वूस्टरशर आणि ग्लॉस्टरशर यांच्या सायडरला व पेरीला युरोपीय कायद्याखाली भौगोलिक संरक्षण मिळाले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पेई द'ओझ व कॉर्नुआय येथील सीद्रलाही मूळस्थानाचे नियंत्रित अभिधान प्राप्त झाले.

तिसरे कारण विरोधाभासात्मक आहे. २००५ च्या सुमारास एका आयरिश कंपनीने बर्फावर ओतून पिण्याच्या सायडरची ब्रिटनमध्ये मोठी जाहिरात केली. हे पेय पूर्णतः कारखानी होते. पण त्यामुळे सायडर हे तरुणांचे, शहरी आणि प्रतिष्ठित पेय ठरले, आणि त्या नव्या ग्राहकांपैकी काही पुढे अधिक चोखंदळ होऊन लहान उत्पादकांकडे वळले. म्हणजे परंपरेचा बाजार काही अंशी जाहिरातीने तयार केला. अमेरिकेतही २०१० नंतर सायडरची वाढ झाली, आणि २०१७ पासून अमलात आलेल्या कायद्याने सायडर म्हणून कर भरता येण्याची मद्यांशाची मर्यादा ७ वरून ८.५ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली.

या नव्या सायडरचे स्वरूप पाहिले म्हणजे प्रास्ताविकातील प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. एकाच जातीचे किंवा एकाच बागेचे सायडर, वर्षाचा उल्लेख, ७५० मिलिलिटरची बाटली, बाटलीतील दुसरे किण्वन, आणि वाइनसारखी किंमत : ही सर्व लक्षणे मजुराच्या बुधल्याची नव्हेत, ती स्कुडामोरच्या पेल्याची आहेत. बाटलीवरील चित्र मात्र पुष्कळदा शेतघराचे, घोड्याच्या घाणीचे आणि वासेलचे असते. रूप दुसऱ्या भूतकाळाचे, आशय पहिल्याचा आणि ज्ञान तिसऱ्याचे, असे हे मिश्रण आहे. जी गोष्ट या मिश्रणात कोठेही दिसत नाही ती म्हणजे मजुरी. बागेत राबणारा आणि वेतनाऐवजी आंबट पेय स्वीकारणारा माणूस या परंपरेतून गाळला गेला आहे.

स्पेनमधील आस्तुरियास प्रांताशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथे बाटली डोक्याच्या वर धरून सिद्राची बारीक धार कमरेखाली धरलेल्या रुंद पेल्यात पाडतात. एका वेळी घोटभरच ओतावयाचे, ते लगेच प्यावयाचे, आणि पेला पुढच्याच्या हाती द्यावयाचा, अशी जुनी रीत आहे. तेथे परंपरा बाटलीवरील मजकुरात नसून पिण्याच्या आचारात, म्हणजे समाजात, टिकली आहे. २०२४ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत जी नोंद केली ती पेयाची नव्हे, आस्तुरियासच्या सायडर-संस्कृतीची होय. या नोंदीची शब्दयोजना मर्मग्राही आहे.

८. नामाचा अधिकार

शेवटी प्रश्न नावाचा उरतो. ब्रिटनमध्ये २०१० पासून करविषयक नियमानुसार सायडर म्हणविणाऱ्या पेयात निदान ३५ टक्के रस असावा लागतो, आणि तो संहत रसापासूनही घेता येतो. म्हणजे ज्या पेयाचा बहुतांश पाणी व साखर आहे त्यास आणि ज्यात रसावाचून काहीच नाही त्यास कायद्याने एकच नाव आहे. जेरोमच्या व्याख्येत सिसेरा म्हणजे कशाचेही मादक पेय होते. नॉर्मंडीच्या बागांनी त्या शब्दास निश्चित अर्थ दिला. आधुनिक उद्योगाने तो पुन्हा सैल केला. अर्थ असा सैल झाला की भाषा विशेषणांचा आश्रय घेते. 'खरे', 'पारंपरिक', 'क्राफ्ट' ही विशेषणे त्या गरजेतून आली आहेत. अमेरिकेत 'हार्ड' हे विशेषण ज्या कारणाने आले त्याच कारणाने इंग्लंडमध्ये 'क्राफ्ट' आले : नामाने आपला अर्थ गमावला होता.

परंतु विशेषणही निर्भय नाही. 'क्राफ्ट' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ 'शक्ती' असा होता, आणि जर्मनमध्ये तो आजही तसाच आहे. इंग्रजीत तो शक्तीवरून कौशल्यावर, कौशल्यावरून व्यवसायावर आणि अखेरीस 'हस्तनिर्मित' या अर्थावर आला. ब्रिटनमध्ये या शब्दास सायडरच्या संदर्भात कायद्याची व्याख्या नाही. मोठ्या कंपनीस तो आपल्या मालावर छापण्यास विशेष अडचण पडत नाही. नाम जसे झिजले तसे विशेषणही झिजेल, अशी चिन्हे आहेत.

तात्पर्य, पारंपरिक सायडरची वाढती लोकप्रियता म्हणजे भूतकाळाकडे परतणे नव्हे. ती अनेक भूतकाळांतून केलेली निवड आहे. निवड करण्यात गैर काही नाही. प्रत्येक जिवंत परंपरा ती करीतच असते. शिशाची यंत्रे टाकून दिली हे योग्यच झाले, आणि बार्करचे कोष्टक स्वीकारले हेही योग्यच झाले. मात्र ही निवड आहे हे मान्य केले पाहिजे. या निवडीची कसोटी बाटलीवरील शब्दांत सापडणार नाही. सायडरचे कलम सायडरखेरीज अन्य कशाच्याही उपयोगी पडत नाही. ते कोणीतरी पुन्हा बांधले नाही तर त्या झाडाबरोबर ती जात संपते. तेव्हा बागा राहतात की उपटल्या जातात, आणि त्यांत काम करणाऱ्यास त्याच्या श्रमाचे मोल रोख व पुरेसे मिळते की नाही, या दोन गोष्टींवरूनच या पुनरुज्जीवनाचे मूल्य ठरेल.